रोहितच्या एजंटाबद्दल

एडिसन, न्यू जर्सी

ताई,

रोहितला इथल्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली हे ऐकून लय बरं वाटलं, पण त्या एजंटाचं तू जे सांगितलंस ते काही डोक्यातून जाईना, म्हणून लिहूनच काढतोय, दाजींनाही वाचायला दे. व्हिसासाठी बँकेत महिनाभर दुसऱ्याचे पैसे दाखवायचे, वर न केलेल्या नोकरीचं एक्स्पिरियन्स लेटर, आणि तू विचारतेस एकदा तिकडं गेल्यावर एवढं जुनं कोण उकरून काढतंय. काढतात ताई. आणि नेमकं शेवटी काढतात, माणूस घर घेऊन, पोरं शाळेत घालून सिटिझनशिपचा अर्ज टाकतो तेव्हा.

त्या अर्जाला इथं एन-४०० म्हणतात. ग्रीनकार्ड, म्हणजे इथं कायमचं राहायचा परवाना, मिळून पाच वर्षं झाली की भरता येतो, जोडीदार अमेरिकन असेल तर तीन. लोकांना वाटतं त्या पाच वर्षांत टॅक्स भरला, पोलिसांचं काही लफडं नसलं की झालं काम. ते बघतातच, पण दुसरी एक अट आहे तिला वर्षांचा हिशोबच नाही, ग्रीनकार्ड मुळात कायद्याने मिळालेलं असलं पाहिजे. आता व्हिसासाठी कुणी जाणूनबुजून महत्त्वाची खोटी माहिती दिली असेल तर कायद्याने तो माणूस कायमचाच अपात्र, त्याला माफी मागायची सोय आहे पण ती सगळ्यांना मिळत नाही. मग अशा माणसाला पुढं ग्रीनकार्ड चुकून मिळालं तरी ते पक्कं धरत नाहीत. म्हणजे सिटिझनशिप तर नाहीच, हातातलं कार्डही धोक्यात, वर इमिग्रेशन कोर्टाची नोटीस.

आमच्या ओळखीत एकाचं असंच झालं, नाव नको. पुण्यातल्या कुठल्यातरी कंपनीचं लेटर एच-१बीला, म्हणजे नोकरीच्या व्हिसाला, लावलेलं, तेच पुढं ग्रीनकार्डलाही चाललं, आणि सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूला ऑफिसरच्या पुढ्यात सगळी जुनी फाईल. लेटरवरच्या तारखांना ती कंपनी सुरूच झाली नव्हती. त्याला वाटलेलं अमेरिकेच्या इतिहासाचे प्रश्न पाठ केले की बास! अर्जात सरळ विचारलेलं असतं, सरकारी अधिकाऱ्याला कधी खोटी माहिती किंवा खोटे कागद दिलेत का, आणि तेच ऑफिसर तोंडीही विचारतो, ते पण उजवा हात वर करून शपथ घेतल्यावर. हा नाही म्हणाला. जुनं एक होतंच, त्यात हे नवीन. शपथेवर फायद्यासाठी खोटं बोललं की तेवढ्यावरच चारित्र्य चांगलं नाही असं ठरतं, मग ती गोष्ट किरकोळ का असेना, सुप्रीम कोर्टाने १९८८ सालीच तसं सांगितलंय. आता वकिलाला पैसे मोजत बसलाय. वाईट वाटतं, बायकापोरांचं तर फारच.

दाजी म्हणतील एकदा सिटिझन झालं की कोण हात लावतंय. लावतात. पूर्वी बोटांचे ठसे कागदावर घ्यायचे, ते हजारो कागद कॉम्प्युटरवर चढवलेच नव्हते. २०१६ च्या सरकारी अहवालात निघालं की एका नावाने देशाबाहेर काढायचा हुकूम झालेल्या निदान ८५८ जणांना दुसऱ्या नावाने नागरिकत्व देऊन टाकलंय. मग जुने ठसे जुळवायला बसले. त्यातलं पहिलं प्रकरण आमच्या न्यू जर्सीतलंच, आपल्याकडचाच माणूस, १९९१ ला आला, २००६ ला सिटिझन झाला आणि २०१८ च्या जानेवारीत कोर्टाने नागरिकत्व काढून घेतलं. अशा दिवाणी दाव्याला मुदतच नाही. आता कुठलंही बारीक खोटं सापडलं म्हणून लगेच नाही काढता येत, २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की नागरिकत्व मिळण्यात त्या खोट्याचा हात असला पाहिजे, पण ते गुन्हेगारी खटल्यातलं, आणि व्हिसाच खोट्यावर घेतलेल्याला त्याचा कितपत उपयोग होणार. शिवाय इथलं घेतलं की भारताचं नागरिकत्व आपोआप जातं. तेलही गेलं तूपही गेलं!

हे वाचून उगाच घाबरू मात्र नका. माझ्याच कागदावर शाळेत मास्तरांनी घातलेली १ जून ही जन्मतारीख आहे, आपल्या निम्म्या गावाची तीच आहे, त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही, फक्त सगळीकडे तीच तारीख लागते आणि विचारलं तर खरं सांगायचं. चूक आणि ठरवून केलेली बनवाबनवी यातला फरक त्यांना कळतो. अर्जात काही चुकलं तर पकडायच्या आधी आपणहून दुरुस्त करून घेतलं तर तेही धरतात.

पैशाचं म्हणशील तर एज्युकेशन लोन काढा, सँक्शन लेटर चालतं, त्यात कसली लाज. कमी पडले तर मी स्पॉन्सर म्हणून माझे खरे कागद देतो, हिनेही हो म्हटलंय. नोकरी केली नाही तर केली नाही, फ्रेशर म्हणून लाखो पोरं येतात. आणि पार्टटाइम नोकरीचा फॉर्म असो की लायसन्सच्या ऑफिसात मतदार नोंदणीचं विचारोत, सिटिझन आहे अशी खूण कधी करायची नाही, हे रोहितला आत्ताच बजावून ठेव, त्यातून सुटायला जवळपास वाटच नाही.

व्हिसाचा फॉर्म, डीएस-१६०, एजंटाला भरू देऊ नकोस. रोहितनेच भरावा आणि सबमिट करायच्या आधी रविवारी मला व्हिडिओ कॉल करावा, तुमच्या रात्री नऊनंतर कधीही. एजंटाला ॲडव्हान्स दिला असेल तर सोडून द्या ते पैसे.

तुझा,
बाळू