ग्रहणाच्या रात्री बंद राहिलेले फाटक : विज्ञानमंत्र्यांना खुले पत्र

मा. विज्ञानमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणासाठी सरकारी अनुदानावर चालणाऱ्या एका केंद्राने सर्वांना दुर्बिणीतून मोफत आकाशदर्शन घडवण्याचे जाहीर केले होते. मी विज्ञानशिक्षक आहे. त्या शब्दावर विसंबून पालकांची लेखी संमती घेऊन मी आठवीच्या ३१ मुलांसह रात्री १० वाजता फाटकाशी उभा राहिलो. फाटक उघडले नाही. दुर्बिणी निमंत्रितांसाठी राखीव आहेत, एवढेच पहारेकऱ्याने सांगितले. ११ वाजता खग्रास अवस्था सुरू झाली, ती ८२ मिनिटे टिकली आणि तेवढा सगळा वेळ आम्ही रस्त्याकडेला, डोळे दिपवणाऱ्या दिव्यांखाली काढला. पृथ्वीच्या वातावरणात निळा प्रकाश विखुरतो, लाल प्रकाश वळून सावलीत शिरतो आणि म्हणून चंद्र तांबडा दिसतो, हे मी तोंडी समजावू शकलो. पण त्याच आकाशात शनी होता आणि साधारण १५ वर्षांतून एकदा रेषेइतकी बारीक दिसणारी त्याची कडी दुर्बिणीवाचून कशी दाखवणार? परतताना एका मुलीने विचारले, "सर, आपण निमंत्रित का नव्हतो?" मला उत्तर देता आले नाही. केंद्राला तीन पत्रे लिहिली, त्यांची पोचही आली नाही.

महोदय, २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ उतरले तेव्हा हीच मुले आनंदाने ओरडत होती. त्या तारखेचा राष्ट्रीय अंतराळ दिन झाला आणि तेव्हापासून आमच्याकडून दरवर्षी कार्यक्रमाची छायाचित्रे मागवली जातात, पण शाळेत दुर्बीण आलेली नाही. अहवालात कार्यक्रमांची संख्या भरते, दुर्बिणीला प्रत्यक्ष डोळा लावलेली मुले किती, हा रकानाच त्यात नाही. हा दोष एका केंद्राचा नाही, सगळ्या व्यवस्थेलाच मुलांच्या कुतूहलापेक्षा पाहुण्यांची सोय मोठी वाटते. दुसरीकडे आकाशच हरवत चालले आहे. जगभरच्या नागरिकांनी २०११ ते २०२२ या काळात केलेल्या ५१ हजारांहून अधिक नोंदींनुसार रात्रीचे आकाश दरवर्षी सुमारे १० टक्क्यांनी उजळत आहे. लडाखमध्ये हानले येथे काळोखे आकाश राखण्याचा निर्णय आपल्याच देशाने घेतला, मग केंद्रांभोवतालचे दिवे निदान ग्रहणाच्या रात्री झाकता येऊ नयेत?

अनुदान घेणाऱ्या प्रत्येक केंद्राने जाहीर केलेल्या रात्री आधी मुलांना आत घ्यावे, असा लेखी आदेश आपण काढावा. भारतातून संपूर्ण दिसणारे यापुढचे खग्रास चंद्रग्रहण ३१ डिसेंबर २०२८ ला आहे. माझ्या या ३१ मुलांची शाळा तोवर सुटलेली असेल.

आपला,
एक विज्ञानशिक्षक