आई-बाबा, आधी डागाची कड बघा

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना
शि. सा. नमस्कार.

फोटो मिळाले, सगळे अकरा. गल्लीतल्या मांजरांच्या अंगावर टकलं आणि डाग दिसायला लागले, आणि कोपऱ्यावर भाड्याने राहणाऱ्या पोट्ट्यांचं हे काम आहे असं सगळे म्हणतात, हे वाचल्यापासून मांजरांइतकीच त्या पोट्ट्यांचीही काळजी वाटते आहे. फोनवर तुटक तुटक सांगण्यात अर्थ नाही, म्हणून सविस्तर लिहिते. या फोटोंमध्ये मला चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. त्यातली एक तुमच्या घरात शिरू शकते, तेवढं पत्र दोनदा वाचा.

आधी मनी. तिच्या डाव्या कुशीवर, शेवटच्या बरगडीच्या मागे चौकोनी टक्कल आहे. बाबा, तुम्ही शेजारी दहाचं नाणं धरलंत ते फार बरं केलं. ते नाणं 27 मिलिमीटरचं असतं, त्या हिशेबाने चौकोन साधारण पाच बाय चार सेंटिमीटरचा आहे. कडा सरळ, आतले खुंट सगळे एकाच उंचीचे, कातडी स्वच्छ. हे मशीनने कापलेले केस आहेत. दुसऱ्या फोटोत तिच्या पुढच्या पायावर बांगडीएवढा पट्टा भादरलेला दिसतो. शिरेत सुई लावायची तर तिथलेच केस काढतात. कुशीवर चौकोन आणि पायावर पट्टा, दोन्ही एकत्र दिसले की भुलीखाली ऑपरेशन झालं असं समजा. मनी तीनरंगी आहे, आणि तीनरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. म्हणजे कुणीतरी तिची नसबंदी करून आणली आहे. ती पोटाच्या मध्यरेषेवरून करतात किंवा कुशीतून. बाहेर फिरणाऱ्या मांजरीला कुशीतून बरी पडते, कारण जखम लांबूनही नजरेखाली राहते आणि ती पाजत असेल तर दूधग्रंथींना धक्का लागत नाही. चौकोनाच्या मधोमध हलकं बोट फिरवा, एक-दोन सेंटिमीटरची कडक रेघ लागेल. क्वचित शेजारी हिरव्या शाईची बारीक रेघ गोंदलेली असते, पुन्हा कुणी तिचं पोट उघडू नये म्हणून. एका कानाचं टोक सरळ कापलेलं असेल तर त्याचाही अर्थ तोच. रेघ लाल, ओली किंवा फुगलेली नसेल तर काहीही करायचं नाही. केस दोन-तीन महिन्यांत भरतात.

बोक्याच्या कुशीवर असा चौकोन दिसला असता तर मात्र मी दुसरं काही शोधलं असतं. बोक्याचं ऑपरेशन शेपटीखाली होतं आणि तिथले केस फारसे कुणाला दिसत नाहीत.

वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या सयामीच्या पाठीवरचा काळपट चौकोन पाहून करणीबिरणीची गोष्ट निघाली ना? सयामी मांजराच्या केसांचा रंग तापमानावर ठरतो. रंग तयार करणारं द्रव्य थंड कातडीत काम करतं, म्हणूनच त्यांचे कान, तोंड, पाय आणि शेपटी गडद असतात. केस भादरले की तो भाग उघडा पडून थंड राहतो आणि नवे केस गडद उगवतात. काकूंना एवढंच विचारा, गेल्या काही महिन्यांत तिथे कधी केस काढले होते का. पुढे जुने केस गळून नवे आले की रंग परत फिका होतो. करणीची शंका पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या पुतळ्याबरोबर पाठवून द्या.

आता टिनाच्या शेडखालची दोन पिल्लं. या फोटोंनी मला खरी काळजी लावली. कपाळावर, कानाच्या मुळाशी आणि पुढच्या पंज्यांवर गोलसर टकलं आहेत. कड वेडीवाकडी, केस वेगवेगळ्या उंचीवर तुटलेले आणि मधे राखेसारखा कोंडा. हे गजकर्ण दिसतं. मांजरांत ते बहुतेक वेळा मायक्रोस्पोरम कॅनिस नावाच्या बुरशीमुळे होतं आणि माणसांना सहज लागतं. पिल्लू हाताळल्यावर एक ते तीन आठवड्यांनी मनगटावर, मानेवर किंवा पोटावर लालसर, खाजरं कडं उठतं. बाबा, तुम्हाला शुगर आहे, त्यामुळे त्या पिल्लांना काही दिवस तुम्ही हात लावू नका. दूध ठेवायचं काम आईने हातमोजे घालून करावं.

एक गोंधळ आधीच सोडवते. डोळा आणि कान यांच्यामध्ये मांजराचे केस जन्मतःच विरळ असतात, दोन्ही बाजूंना सारखेच. तो रोग नाही.

खात्री कशी करायची? ऑनलाइन मिळणारी स्वस्त जांभळी टॉर्च घेऊ नका. बहुतेक 395 नॅनोमीटरच्या असतात, त्यांच्या उजेडात कोंडा, मलम, दुधाचे डाग सगळंच चमकतं. डॉक्टरांकडचा वूड्स लॅम्प 365 च्या आसपासचा असतो आणि त्यात केसाचा दांडाच हिरव्या सफरचंदासारखा उजळतो. तो उजळला नाही म्हणून गजकर्ण नाही असंही होत नाही. तेव्हा कोऱ्या टूथब्रशने अंगभर केस विंचरून ते बुरशी वाढवण्याच्या बशीवर ठेवतात. निकाल यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, तोवर पिल्लं वेगळी ठेवायची.

औषध वजनावर ठरतं आणि आठवडे चालतं. माणसांची बुरशीची कॅप्सूल फोडून देऊ नका, पोटात किती उतरेल याचा भरवसा नसतो. तुमच्या अंगावर कडं उठलं तर मेडिकलमधून कुणी हातात देईल ती ट्यूब लावू नका. त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. चार दिवस खाज थांबते आणि बुरशी खालून पसरते. त्वचेच्या डॉक्टरांकडेच जा.

घरातली साफसफाई औषधाइतकीच महत्त्वाची, कारण गळलेल्या केसांतले बीजाणू महिनोन्महिने जिवंत राहतात, वर्षभराहूनही जास्त. नुसतं ब्लीच ओतून काम होत नाही, केस आणि मळ शिल्लक असेल तर त्याचा जोर तिथेच संपतो. आधी ओल्या फडक्याने केस टिपा (कोरडा झाडू मारला की ते हवेत उडतात), मग साबणाच्या पाण्याने फरशी घासा आणि शेवटी एक लिटर पाण्यात 30 मिली ब्लीच घालून दहा मिनिटं ओलं राहू द्या. मग साध्या पाण्याने पुसून घ्या. खिडक्या उघड्या ठेवा आणि संडास साफ करायचं ॲसिड त्यात चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. पिल्लं झोपतात ती गोधडी जुनी असेल तर टाकूनच द्या.

नारंगी बोक्याचं सोपं आहे. ओठांवरचे आणि नाकावरचे काळे ठिपके वयानुसार नारंगी मांजरांना येतात, सपाट असतील तर सोडून द्या. हनुवटीखाली काळी कणी असेल तर प्लास्टिकची वाटी काढून स्टीलची ठेवा आणि रोज घासा. शेपटीच्या मुळाशी आलेली गाठ मात्र चावल्याची वाटते. मांजराचा सुळा बारीक भोक पाडतो, वरची कातडी लगेच मिटते आणि आत पू होतो. दोन ते पाच दिवसांत गाठ वर येते, मग फुटून नाण्याएवढं भोक पडतं, तेव्हा लोकांना वाटतं कुणी चटका दिला. समोरासमोर भांडणाऱ्याला चेहऱ्यावर आणि पुढच्या पायांवर लागतं, पळणाऱ्याला मागे. फुटलं असेल तर अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक सपाट चमचा मीठ घालून धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. पावसाळ्यात एका दिवसात अळ्या पडतात. त्या काढायला टर्पेंटाइन नको, फिनाइल नको, पाण्यात टाकल्यावर पांढरं होणारं अँटिसेप्टिकही नको. मांजर अंग चाटतं आणि त्याच्या यकृताला ही द्रव्यं झेपत नाहीत. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. पिसवांसाठी कुत्र्यांचे थेंबही वापरू नका, त्यातल्या परमेथ्रिनने मांजराला झटके येतात.

पांढरीचा कान मला जवळून पाहायला हवा. नसबंदीच्या खुणेची कड सरळ आणि भरलेली असते. हिच्या दोन्ही कानांच्या कडा लाल, खपल्या धरलेल्या आणि आत वळलेल्या दिसतात. पांढऱ्या कानात रंगद्रव्य नसतं, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाने ती कातडी वर्षानुवर्षे भाजते आणि पुढे तिथे कॅन्सर होऊ शकतो. डोक्यावरच्या खरजेचीही सुरुवात कानाच्या कडेपासूनच होते, पण तिला भयंकर खाज असते. ती सारखी कान खाजवते का, ते मला कळवा.

बाबा, सोसायटीच्या बैठकीत बोलायचं असेल तर क्रॉयडनचं सांगा. दक्षिण लंडनमधल्या त्या भागात मुंडकं किंवा शेपूट तोडलेली मांजरं सापडत होती आणि कापलेलं इतकं स्वच्छ होतं की सुरी घेऊन फिरणारा माणूस आहे असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. पोलिसांनी जवळजवळ तीन वर्षं तपास केला. सप्टेंबर 2018 मध्ये त्यांनी सांगितलं की मांजरं बहुधा गाड्यांखाली मेली आणि नंतर कोल्ह्यांनी ती तोडली. 2021 मध्ये तिथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांना मृतदेहांवर कोल्ह्याचा डीएनए मिळाला. कोल्ह्याच्या दाढा कातरीसारख्या चालतात. त्या पोट्ट्यांना जाब विचारण्याआधी कुणी मनीच्या ऑपरेशनची पावती त्यांच्याकडे आहे का हे विचारलं का? माझ्या मते, तिला नेणारे तेच असण्याची शक्यता बरीच आहे.

ते नसतील तर कागदी पट्टा करा. साध्या कागदाची दोन सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या, त्यावर ‘हिचं ऑपरेशन तुम्ही केलं का?’ एवढं आणि बाबांचा नंबर लिहा. गळ्याभोवती दोन बोटं शिरतील इतकी सैल ठेवून टोकं चिकटपट्टीने जोडा. कुठे अडकली तर फाटते, म्हणून दोरी वापरायची नाही.

दर रविवारी त्याच उजेडात, नाणं ठेवून फोटो काढा. मशीनचा चौकोन सगळीकडून सारखा भरत येतो, बुरशीचं टक्कल कडेने वाढतं. पिल्लं आणि पांढरी यांना आपल्या नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजला न्या, सकाळी लवकर आणि वेगवेगळ्या टोपल्यांत. आई, पांढरीला जुन्या जाड टॉवेलमध्ये गुंडाळून फक्त डोकं बाहेर ठेव, मानेला धरून उचलू नकोस. ओरखडा किंवा चावा बसला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात जा. कातडीत देतात ती रेबीजची लस 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी असते, एकही चुकवू नका.

बाबा, सातव्या फोटोत तुमच्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याशेजारी काहीतरी लालसर दिसतंय. तो पट्ट्याचा वण आहे की गोल कडं? उजेडात, घड्याळ काढून, आजच फोटो पाठवा.

तुमची,
लेक