नाल्याकाठची पट्टी हरणांसाठी मोकळी ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

धुळे शहराबाहेर लळिंगच्या डोंगराकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या एका नव्या वसाहतीत आम्ही गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, राहायला आलो. घरामागे कोरडा नाला आहे आणि त्यापलीकडे बाभळींचे बरड. पहिल्याच आठवड्यात पहाटे सडा टाकायला गेलेल्या सासूबाई मला हाताला धरून मागच्या दारी घेऊन गेल्या. नाल्याच्या काठावर तीन चिंकारा उभ्या होत्या, आखूड काळी शेपूट सारखी हलवत.

तेव्हापासून आमच्या घराची सकाळ त्यांच्या वेळेने चालते. मुलांचे डबे भरून होतात, पण त्या गेल्याशिवाय मी मिक्सर लावत नाही. वाऱ्याने फडफडणाऱ्या साडीला त्या बुजतात, म्हणून वाळवणाची दोरी गच्चीवर नेली. पाय आपटून आणि नाकातून शिंकेसारखा आवाज काढून त्या एकमेकींना सावध करतात, हे माझ्या धाकट्या मुलाने शाळेत शिकण्याआधी खिडकीतून पाहिले.

एक चूक मात्र आमच्याच हातून झाली. गाईला घास काढावा तशी सासूबाई रात्रीची उरलेली कळण्याची भाकरी नाल्याकाठी ठेवू लागल्या. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात असे शिजवलेले धान्य झपाट्याने आंबते आणि ते त्याच्या जिवावरही बेतू शकते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. हरणांनी भाकरीला तोंडही लावले नाही, पण त्या वासाने मोकाट कुत्री तिथे जमू लागली. श्रावणातल्या एका सकाळी त्यांनी एका मादीचा पाठलाग केला आणि ती शेजारच्या लेआउटच्या काटेरी तारेत अडकली. जखमा फार खोल नव्हत्या, तरी वनरक्षक पोहोचेपर्यंत ती गेली. जीव तोडून पळाल्यावर आणि भीतीने हरणाचे स्नायूच निकामी होतात व बाहेरून धड दिसणारे जनावरही दगावते, असे त्यांनी सांगितले. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. आता उरलेली भाकरी घरातच संपते.

वसाहतीतील सर्वांना माझी विनंती आहे की उष्टे-खरकटे उघड्यावर टाकू नये. गवतात एकटे बसलेले पाडस दिसले तर ते पोरके समजून उचलू नये, कारण आई त्याला लपवून चरायला जाते आणि दूध पाजायला परत येते. जखमी हरीण दिसल्यास वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चिंकाराला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, स्थान दिले आहे, परंतु नाल्याकाठी ठोकलेल्या तारेला तो कायदा दिसत नाही.

नाल्याच्या पलीकडे आता नव्या प्लॉटची मोजणी झाली असून खुणेचे दगडही बसले आहेत. आम्ही स्वतः बिनशेती प्लॉटवरच घर बांधले आहे, तेव्हा इतरांनी बांधू नये असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. परंतु मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यांनी आणि जागामालकांनी नाल्याच्या दोन्ही काठांची पट्टी विनाकुंपण सोडावी, आणि हा निर्णय तारेचे खांब रोवले जाण्यापूर्वी व्हावा, एवढीच कळकळीची मागणी आहे.

आपली,
एक वाचक, धुळे