पसरणाऱ्या ज्युनिपरच्या बारा रोपांबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

स.न.वि.वि.

गेल्या फेब्रुवारीत मी तुमच्या संकेतस्थळावरून जमिनीलगत पसरणाऱ्या ज्युनिपर या सदाहरित झुडपाची बारा रोपे मागवली. रोपाला 450 प्रमाणे 5400 रुपये आणि पाठवणीचे 600, असे एकूण 6000 रुपये भरले. आज ऑक्टोबरमध्ये नऊ रोपे मेलेली आहेत. उरलेली तीन जिवंत आहेत, पण ती पसरत नाहीत, सरळ उभी वाढताहेत. त्यांच्याबद्दल पुढे लिहिते.

आमचे घर डिचोलीला, डोंगराच्या पायथ्याशी. मागचा उतार सगळा जांभ्याचा. पहिला मोठा पाऊस झाला की लाल पाणी थेट न्हाणीघराच्या दारापर्यंत येते. तो उतार झाकेल असे काहीतरी हवे होते. तुमच्या पानावर निळसर हिरव्या गालिच्याचा फोटो होता आणि खाली 'कोणत्याही हवामानात, कमी देखभाल, वर्षभर हिरवे' असे लिहिले होते. मी भुलले. पैसे भरण्याआधी ज्युनिपरबद्दल चार ओळी वाचायला हव्या होत्या, एवढी चूक माझी.

त्या ओळी मी नंतर वाचल्या. हे झाड मूळचे कॅनडा, अलास्का आणि अमेरिकेच्या उत्तर भागातले. उंची जेमतेम वीतभर ते फूटभर, पण एकेक रोप सहा-आठ फूट पसरते. त्याला दिवसभर ऊन लागते, थंडी मानवते, दुष्काळही सोसतो. सोसत नाही ते मुळाशी साचलेले पाणी. आणि आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. हल्ली गोव्यात जिन ही दारू गाळणारे बरेच झालेत, पण तिला चव देणारी ज्युनिपरची फळे तेसुद्धा हिमालयातून किंवा युरोपातून आणतात. उगाच नव्हे.

आता तुमच्या कार्डाविषयी. रोपांसोबत आलेल्या छापील कार्डावर दीड फूट खोल खड्डा घ्या, त्यात निम्मे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मे शेणखत भरा, रोज पाणी द्या, असे लिहिले होते. मी अक्षरशः तसेच केले. जांभ्यात पहारीने खणलेला खड्डा म्हणजे दगडाची वाटी. तीत कोकोपीट भरले की पावसाचे पाणी आत शिरते आणि आतच राहते. हे आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, काम करणाऱ्या बाईंनी खड्डे खणतानाच सांगितले होते. "गे बाय, हांगा उदक रावतलें," म्हणाल्या. मी त्यांना तुमचे कार्ड दाखवले!

आषाढात एका रोपाची मधली फांदी तांबूस दिसली. नखाने साल खरवडली तर आत हिरवे काहीच नाही, सगळे तपकिरी. रोप धरून जरा ओढले, ते सहज हातात आले. पिशवी फेब्रुवारीतच काढली होती, तरी मुळे अजून पिशवीच्याच आकारात, गोल गुंडाळलेली, भोवती ओलागच्च कोकोपीट. एक मूळ दोन बोटांत धरून ओढले तशी वरची काळी साल मोज्यासारखी निघून आली आणि आत नुसता दोरा उरला. वास गटारासारखा. त्याचे फोटो सोबत जोडले आहेत.

तुमच्या ग्राहक सेवेला फोन केला तर सुकलेला भाग छाटा, नवीन फूट येईल, असा सल्ला मिळाला. दोन रोपे छाटली. जास्वंद छाटली की फुटते, ज्युनिपर तसे नाही. पाने गेलेल्या जुन्या लाकडावर ते पुन्हा फुटत नाही. ती दोन्ही रोपे संपली.

दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा तुमच्या माणसाने 'सात दिवसांची जिवंत रोपाची हमी' ऐकवली. माझा खरा आक्षेप याच हमीला आहे. ज्युनिपरची मुळे कुजून गेली तरी वरचा पाला कित्येक आठवडे हिरवाच दिसतो. तुळस दुपारी मान टाकते, संध्याकाळपर्यंत कळते. ज्युनिपर मेलेले कळायलाच महिना लागतो. अशा झाडाला सात दिवसांची हमी देणे म्हणजे काहीच न देणे, आणि रोपे विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

राहिली ती तीन. त्यांची पाने बाकीच्या नऊ रोपांहून वेगळी आहेत आणि शेंडे दोन फुटांवर गेलेत. ही पसरणारी जात नव्हेच. म्हणजे जे मागवले ते मेले, आणि जे जगले ते मी मागवलेच नव्हते.

मला बदली रोपे नकोत, सवलतीचे कूपनही नको. नऊ मेलेली आणि तीन चुकीच्या जातीची धरून रोपांचे 5400 रुपये परत करा. पाठवणीचे 600 मी सोडते. 'कोणत्याही हवामानात' हे शब्द पानावरून काढा आणि ते कार्ड कोकण-गोव्यात पाठवणे थांबवा. ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे या पत्राची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात अपेक्षित आहे. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. बिल, कार्ड आणि फोटो तयार ठेवले आहेत.

तुमची तीन उभी रोपे मी कुंड्यांत हलवली आहेत. परत हवी असतील तर माणूस पाठवून न्या. उतारावर आता वाळा लावला आहे, शेजाऱ्यांकडून फुकट मिळाला.

आपली,
एक ग्राहक, डिचोली, गोवा
(ऑर्डर क्रमांक जोडलेल्या बिलावर आहे.)