भाऊबीजेनंतर

चि. अमोल यास अनेक आशीर्वाद.

अर्धं ताट तसंच टाकून उठलास आणि सूनबाईला, छकुलीला घेऊन रात्रीच पुण्याला निघालास. पोचल्याचा मेसेज आईला आला, मला नाही. फॅमिली ग्रुपमधूनही बाहेर पडलास. मी रागावून लिहीत नाहीये. आत्याला फोन केलास का, एवढंच विचारायचं होतं. खरं तर तेही विचारणार नाही, असं आईला कबूल केलंय.

जेवताना आत्यासमोर तू म्हणालास, आम्ही टॅक्स भरायचा आणि सरकारनं तो बायकांना महिन्याला दीड-दीड हजारानं वाटून मतं घ्यायची. हे सगळं खोटं आहे असं मी म्हणत नाही. जून 2024 मध्ये लाडकी बहीण योजना जाहीर झाली, नोव्हेंबरात निवडणूक. एक बाजू 2100 म्हणाली, दुसरी 3000. लिलावासारखी ती बोली मलाही पटली नव्हती. पण 1 फेब्रुवारी 2025 ला आयकरात सूट मिळाली तेव्हा तू ऑफिसातून फोन केलास, ‘अण्णा, अठरा लाखांवर 70 हजार वाचले!’ त्यानंतर चारच दिवसांनी दिल्लीत मतदान होतं. त्या सवलतीपायी केंद्रानं सुमारे एक लाख कोटींवर पाणी सोडलं. बहिणींसाठी राज्यानं 2025-26 साली 36 हजार कोटी ठेवले. तुझे 70 हजार हक्काचे आणि आत्याचे वर्षाचे 18 हजार फुकटचे, हे गणित मला सुटत नाही. साबणाच्या वडीवर तीही कर भरतेच की.

पुन्हा वर्ग घेतला. चुकलं माझं. तुझा वर्षाचा टॅक्स माझ्या नोकरीतल्या कित्येक वर्षांच्या पगाराहून जास्त आहे, हे मी पारावर सगळ्यांना सांगत असतो.

तुझ्या पगारातून दर महिन्याला व्यवसाय कराचे 200 रुपये जातात, फेब्रुवारीत 300. हा कर राज्यानं 1975 साली रोजगार हमीसाठी लावला. शहरातल्या पगारदारानं द्यायचा आणि दुष्काळी गावात हाताला काम मिळायचं. वि. स. पागेंनी या रोजगार हमीचा पहिला प्रयोग त्याआधीच आपल्याच तासगाव तालुक्यात केला होता. पुढे 1977 चा कायदा झाला तेव्हा विधिमंडळात सगळ्या पक्षांचं एकमत होतं.

बाहत्तरला मी दहा वर्षांचा होतो, आत्या सहाची. आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, बोटांना चिंध्या बांधून. आत्या तिच्याबरोबर जायची, मी शाळेत. दुपारी कामावर सुकडी मिळे. आपल्या वाटणीची अर्धी ती परकराच्या ओच्यात बांधून संध्याकाळी मला आणायची. पिवळा भुगा, त्यात कापडाचे धागे लागलेले. मी मास्तर झालो, तिची शाळा राहिली. आज माझी पेन्शनही कुणाच्या तरी करातूनच येते आणि तुझ्या इंजिनिअरिंगची निम्मी फी सरकारनं भरली होती. आपल्याला कुणी फुकटे म्हणालं नाही.

दिवाळीआधी आठवडाभर आत्या लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीसाठी हेलपाटे घालत होती. ओटीपी येईना. पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पदराखाली. त्या पैशांत तिच्या बीपीच्या गोळ्या येतात. तू बोललास तेव्हा ती छकुलीसाठी आणलेल्या अबोली फ्रॉकचं लेबल दातानं तोडत होती. तोही त्याच पैशांतला. तुला हे माहीत नव्हतं, हे मी जाणतो.

तुझं मत बदल असं मी म्हणत नाही. पुढच्या वेळी हवं त्याला मत दे. पण मी आहे तोवर ठीक. माझ्यामागं तुमचं येणंजाणं राहील का, या विचारानं रात्री दोन-दोनला जाग येते. आईला सांगू नकोस.

आत्या रविवारी घरी असते, बाकीचे दिवस द्राक्षबागेत कामाला. दुपारी दोननंतर फोन कर, तेव्हा निवांत असते.

तुझे,
अण्णा

ता. क. आईनं चिवड्याचा डबा एसटीनं पाठवलाय. फ्रॉकही त्याच पिशवीत आहे. तुम्ही निघालात तेव्हा तो इथेच राहिला होता.