‘वयोमानानुसार’ या शब्दाने दीड वर्ष गेलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझे वडील टपाल खात्यातून निवृत्त झालेले. दुधाचा हिशेब कॅलेंडरवर टपोऱ्या अक्षरात लिहायची त्यांची सवय. तीन वर्षांपूर्वी एकाच तारखेला दोनदा ‘दीड लिटर’ लिहिलेलं दिसलं, पाठोपाठ वीजबिलही दोनदा भरलं गेलं. एमआरआय काढला. अहवालात शेवटी ‘वयोमानानुसार मेंदूचे आकुंचन’ अशा अर्थाची एक ओळ होती. सत्तरी उलटल्यावर एवढं चालायचंच, असं म्हणून आम्ही फाइल कपाटात ठेवून दिली.

दीड वर्षाने ते मंडईतून घराकडचं वळणच विसरले. मेंदूविकारतज्ज्ञांनी त्यांना घड्याळ काढायला सांगितलं. बाबांनी वर्तुळ सुरेख काढलं, पण बाराही आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीने बसवले. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हटल्यावर एक काटा अकरावर आणि दुसरा दहावर. मग डॉक्टरांनी तीच जुनी फिल्म उजेडावर धरली. कानशिलाच्या आत खोलवर हिप्पोकॅम्पस असतो, नव्या आठवणी तिथे रुजतात. तो दोन्ही बाजूंनी आकसलेला तेव्हाच दिसत होता. हे आकसणं मोजायची 0 ते 4 अशी श्रेणी 1992 पासून वापरात आहे. त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही, एमआरआयमधलं मेंदूच्या योग्य छेदाचं चित्र नीट पाहावं लागतं. आमच्या अहवालात तो आकडा नव्हता.

नुसत्या एमआरआयवरून अल्झायमर ठरत नाही, हे मला आता कळतं. स्मरणशक्तीची चाचणी हवीच, बी-12 आणि थायरॉइडही तपासायला हवं. कधी डोक्यात साचलेलं रक्त किंवा पाणीच विसराळूपणाचं कारण निघतं, आणि त्यावर उपचार आहेत. म्हणूनच ‘वय झालं’ म्हणून थांबणं मला भयंकर वाटतं. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचायला लक्षणांच्या 15-20 वर्षं आधीच सुरुवात होते. 2023 मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेलं लेकॅनेमॅब हे औषधही सुरुवातीच्या टप्प्यातच देतात. ते आजार बरा करत नाही, फक्त त्याचा वेग थोडा कमी करतं. ते बाबांना लागू पडलं असतं का, हा प्रश्न वेगळा. पण बँकेच्या कागदांवर त्यांनी समजून-उमजून सह्या केल्या असत्या. पुढे कुणाकडे राहायचं, हे त्यांनाच विचारता आलं असतं. आता विचारलं की ते आईकडे बघतात.

साठीपुढच्या सुमारे 88 लाख भारतीयांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत आहे. जिल्हा रुग्णालयांच्या ज्येष्ठांच्या ओपीडीत आठवड्यातून एक दिवस तरी मराठीतून स्मरणशक्तीची चाचणी व्हावी. कमी शिकलेल्यांसाठी गुण वेगळे धरावे लागतात, तेही पाळलं जावं. आणि विसराळूपणाच्या तक्रारीसाठी एमआरआय काढला असेल, तर रेडिओलॉजिस्टनी हिप्पोकॅम्पसची श्रेणी आकड्यात लिहावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, सातारा