आई, त्या रेकॉर्डिंगमध्ये मी आहे

ती. आई आणि बाबा, सा. न.

मी ठणठणीत आहे, जेवतेय, झोपतेय, ऑफिस नीट चाललंय. हे आधीच लिहून टाकते म्हणजे आई पुढचं शांतपणे वाचेल.

आमच्या बँडचं रेकॉर्डिंग ऐकून आई तू फोनवर म्हणालीस, "छान आहे गं, पण तू कुठेयस त्यात?" मी तेव्हा विषय बदलला पण रात्री झोपताना तेच डोक्यात होतं. मी आहे त्यात, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत आहे, खालच्या जाड सुरांची बास गिटार वाजतेय ना, ती मी. तुम्ही ते फोनच्या स्पीकरवर ऐकलंत ना, तिथेच गडबड झाली. बासची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते, एवढा खालचा सूर त्या नखाएवढ्या स्पीकरला पेलतच नाही, त्यातून निघतात ते फक्त त्याचे वरचे स्वर. बाबा, डग्गा बाजूला ठेवून नुसत्या उजव्या हाताने तबला वाजवला तर जसं होईल तसं झालं ते. बोल कळतील, पण वजन कुठाय?

आणि बाबा, तुम्ही विचारलंत की हे गाणं म्हणजे तेच तेच चार सूर, यात शिकण्यासारखं काय आहे. खरं सांगू, वाजवायला लागायच्या आधी मलाही असंच वाटायचं, तुमच्याच बाजूला बसून मी माना डोलवल्यात. पण ते चार सूर चार मिनिटं सारख्याच वजनाने, ड्रमरच्या पायाच्या ठोक्याबरोबर, न घाई करता वाजवायचे, आणि प्रत्येक सूर कुठे सुरू करायचा यापेक्षा कुठे थांबवायचा हे ठरवायचं, हे मला सहा महिने जमलं नाही. आमचा ड्रमर म्हणायचा, सूर बरोबर आहेत पण तू त्यांना श्वास घेऊ देत नाहीस. तुमच्या गुरुजींचं बोलणं आठवलं मला. आणि तीन मिनिटांच्या गाण्याला तुम्ही उथळ म्हणता, पण ती तीन मिनिटं आली कुठून? मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तेवढंच मावायचं. गायिका गौहर जान १९०२ मध्ये तेवढ्याच वेळात राग मांडून शेवटी स्वतःचं नावही सांगून मोकळ्या व्हायच्या, आणि त्या जुन्या रेकॉर्ड्स तुम्ही किती आवडीने ऐकता.

माझीही तक्रार आहेच हां. हल्लीच्या पुष्कळ गाण्यांत पहिल्या सेकंदापासून सगळंच सारखं मोठ्याने, कुठे हळू नाही कुठे मोकळी जागा नाही, आणि बास कॉम्प्युटरवर इतका सरळ करून ठेवतात की माणसाचा हात जाणवत नाही. ते मला मनापासून आवडत नाही. पण म्हणून जुनं तेच चांगलं असंही नाही वाटत आता.

एक माणूस तुम्हाला सांगायचाच आहे. जेम्स जेमर्सन. अमेरिकेतल्या डेट्रॉईटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीची साठच्या दशकातली गाणी जगभर गाजली, त्यातल्या कितीतरी गाण्यांत बास त्याचा, आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा. रेकॉर्डवर मात्र कित्येक वर्षं वादकांची नावंच नसायची. १९८३ मध्ये तो गेला आणि २००० मध्ये त्याला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. लोक त्याच्या तालावर नाचले आणि नाव कुणाला माहीत नव्हतं. हे वाचलं तेव्हा मला रडू आलं.

आता इकडचं, म्हणजे बँडच्या गाण्यांचं, एक सांगते, मला अजून पूर्ण सवय झालेली नाही. आई, एक-दोन-तीन-चार म्हण आणि टाळी दे. एकवर पडली ना? आपली पडणारच, सम तिथे असते. इकडे लोक दोनवर आणि चारवर टाळी देतात! एकवर हात रिकामा. त्याचं कारण ड्रममध्ये आहे, पायाचा मोठा ड्रम एक आणि तीनवर, कडक आवाजाचा स्नेअर दोन आणि चारवर, म्हणून टाळी स्नेअरबरोबर. हॅरी कॉनिक ज्युनिअर नावाचा पियानोवादक आहे, त्याच्या एका कार्यक्रमात लोक एक-तीनवर टाळ्या देत होते तर त्याने वाजवता वाजवता एक मात्रा जास्त घातली, आणि टाळ्या आपोआप दोन-चारवर येऊन बसल्या. माझ्या पहिल्या कार्यक्रमात मी लोकांच्या टाळीलाच सम समजले आणि दोन आवर्तनं उलटी वाजवली. ड्रमरने डोळ्यांनी खुणावून परत आणलं. आता पाय एकवर आणि कान दोनवर असं ठेवते.

कानांची काळजी करू नका, मी प्रत्येक प्रॅक्टिसला इअरप्लग घालते. ८५ डेसिबलला आठ तास चालतं, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० ला फक्त पंधरा मिनिटं, हे सगळं मला पाठ आहे बाबा. रात्री एकटी येत नाही, कुणीतरी सोडतं. बोटांचे फोड गेले, आता घट्टे पडलेत.

पैसे या महिन्यात उशिरा आले ते माझ्यामुळे. बासचा आवाज मोठा करणारा जुना अँप (ॲम्प्लिफायर) बंद पडला, सेकंडहँड घेतला, आणि तुम्हाला आधी सांगायची हिंमत झाली नाही. ताईच्या लग्नाचे ठरलेले पैसे मी मोडलेले नाहीत, पुढच्या महिन्यात दोन्ही हप्ते एकदम पाठवते. रजा मात्र आठच दिवस मिळतेय, लग्नाच्या दोन दिवस आधी पोचेन. ताई रुसलीय, तिचा मेसेज नुसता "ठीक आहे" असा आला, तिला समजाव ना आई. आणि माझ्यासाठी आलेल्या त्या स्थळाला भेटायला माझी हरकत नाही, पण त्यांना आधीच सांगा की मुलगी बास वाजवते आणि लग्नानंतरही वाजवणार आहे. "थोडंफार गाण्याचं वेड आहे" असं गुळमुळीत नको.

बाबांच्या मोठ्या स्पीकरला ते रेकॉर्डिंग एकदा लावा. वायर कपाटात खालच्या खणात आहे, मीच ठेवली होती. आजीला जवळ बसवा, तिला कमी ऐकू येतं पण स्पीकरवर हात ठेवला तर हाताला कळेल. मग मला फोन करा, कितीही वाजले असले तरी.

तुमची,
छोटी